तुंबलेले इंजिन आणि निर्धोक किनारा

(सागरकिनाऱ्यावरील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व जलक्रीडा व्यावसायिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इंजिनात पेट्रोल का तुंबते आणि तुंबल्यास काय करावे, हा मेस्त्रीच्या दुकानातला प्रश्न. त्यासाठी ग्रामपंचायत सदस्यांना, शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना एकत्र बोलावण्याचे प्रयोजन काय, असे कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे. रस्त्यावर दुचाकी बंद पडली तर ती ढकलत कडेला नेता येते. समुद्रात वॉटर स्कूटर बंद पडली तर तिला कडा नसते. शिवाय इंजिन थांबताच तिचे वळणेही थांबते. तिच्यावर बसलेला पर्यटक आपल्या गावाचा पाहुणा असतो आणि ती चालविणारा तरुण आपल्याच गावचा असतो. म्हणून या यंत्राच्या दुरुस्तीतील शिस्त ही साऱ्या गावाच्या काळजीची बाब ठरते.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे, यंत्रज्ञ नव्हे. परंतु जाणकारांचे ज्ञान सर्वांना समजेल अशा भाषेत पोचविणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम होय. त्याच भूमिकेतून आज आपल्याशी बोलणार आहे.

यंत्राची ओळख

आपण जिला वॉटर स्कूटर किंवा जेट स्की म्हणतो, त्या वाहनाला बाहेर फिरणारा पंखा नसतो. पोटाखालून पाणी आत ओढून घ्यायचे, पंपातील चक्राने त्याला जोर द्यायचा आणि मागील तोंडातून ते झोताच्या रूपाने फेकायचे, या तत्त्वावर ते पुढे जाते. 'जेट स्की' हे वस्तुतः कावासाकी या जपानी कंपनीने वापरलेले व्यापारी नाव. अमेरिकेतील क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेतून हे वाहन आकाराला आले. कॅनडातील बोंबार्डिए कंपनीने १९६८ मध्ये बसून चालविण्याचा एक नमुना बाजारात आणला होता, पण तो फार काळ टिकला नाही. १९७० च्या दशकात कावासाकीची उभे राहून चालविण्याची यंत्रे आली आणि हा प्रकार जगभर रूढ झाला. पुढे १९८० च्या दशकात यामाहानेही बसून चालविण्याची यंत्रे काढली.

या पहिल्या पिढीतील यंत्रांना टू-स्ट्रोक इंजिन आणि कार्बोरेटर असत. साध्या टू-स्ट्रोक इंजिनातून पेट्रोलचा मोठा भाग न जळताच बाहेर पडतो. त्यामुळे अमेरिकेने १९९६ मध्ये अशा सागरी इंजिनांसाठी प्रदूषणाचे नियम केले आणि हळूहळू फोर-स्ट्रोक व इंधन फवारणीची यंत्रे पुढे आली. यामाहाचे 'सुपरजेट' हे कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक यंत्र मात्र २०२० च्या नमुन्यापर्यंत टिकले. २०२१ पासून तेही बदलले. आजचे माझे बोलणे कार्बोरेटरच्या यंत्रांपुरते आहे. नवी यंत्रे संगणकीय नियंत्रणावर चालतात व त्यांची तपासणी वेगळी असते. जुने यंत्र स्वस्तात मिळते आणि ते गावातच उघडून दुरुस्त करता येते, म्हणून व्यवसायात प्रथमच उतरणाऱ्याचा ओढा त्याकडे असतो.

पावसाळ्यानंतरचा प्रश्न

आपल्या किनाऱ्यावर सामान्यतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. या काळात यंत्र शेडमध्ये पडून राहते. कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. रबरी पडदे कडक होतात, बारीक छिद्रे बुजतात. सप्टेंबरात यंत्र सुरू होईना म्हणून मेस्त्री कार्बोरेटर उतरवतो, धुतो, नवे किट टाकतो आणि पुन्हा जोडतो. आता यंत्र पहिल्या बटणाला सुरू होईल, अशी मालकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात स्टार्टर फिरतो, पेट्रोलचा वास सुटतो, प्लग काढावा तर तो चिंब ओला. पुसून बसवावा तर पुन्हा ओला. पूर्वी पेट्रोल येत नव्हते, आता नको तितके येते. यालाच आपण इंजिन तुंबणे म्हणू.

अशा वेळी दोन गोष्टी हमखास केल्या जातात. एक म्हणजे बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारत राहणे आणि दुसरी म्हणजे कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजाने आवळणे. या दोन्हींनी रोग बरा होत नाही, उलट दुसरा रोग जडतो. आजच्या भाषणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती अशी: किट टाकल्यानंतर तुंबलेल्या इंजिनावर अंदाज हा उपाय नव्हे. क्रमाने केलेली तपासणी हाच उपाय होय.

पेट्रोल कोण अडवते?

क्रम समजण्यासाठी आतली रचना थोडक्यात पाहू. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू असतो. पाणी भरले की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्येही असाच तरंगता चेंडू, म्हणजे फ्लोट असतो. पण वॉटर स्कूटर लाटेवर उसळते, कलते, प्रसंगी उलटते. तेथे तरंगता चेंडू उपयोगाचा नाही. म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये रबरी पडदा असतो, ज्याला डायाफ्राम म्हणतात.

या कार्बोरेटरचे दोन भाग मनात ठेवावेत. पहिला भाग पंपाचा. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये पिस्टनच्या हालचालीने दाब सतत कमीजास्त होतो. तो एका बारीक नळीने पंपाच्या पडद्यापर्यंत येतो, पडदा थरथरतो आणि टाकीतील पेट्रोल वर ओढले जाते. दुसरा भाग नियमनाचा. पंपाकडून आलेले पेट्रोल एका सुईच्या झडपेपाशी अडते. सुईखाली बैठक असते, सुईला एक छोटी दांडी जोडलेली असते आणि दांडीखाली स्प्रिंग असते. इंजिनाने पेट्रोल ओढले की नियमनाचा पडदा आत येतो, दांडी दाबतो, सुई उचलली जाते आणि हवे तेवढेच पेट्रोल आत येते. मागणी थांबली की स्प्रिंग सुईला पुन्हा बैठकीवर बसवते. पंपाने जास्तीचे आणलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते.

म्हणजे पेट्रोलच्या वाटेवरचा खरा पहारेकरी ही सुई आहे. किट टाकताना नेमके तिलाच हात लागतो. दुरुस्तीपूर्वी नसलेला दोष दुरुस्तीनंतर दिसला, तर ज्या जागी हात लागला तेथूनच शोध सुरू करावा, हा व्यवहारातील सरळ न्याय येथेही लागू पडतो.

पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाणही ध्यानात घ्यावे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा लागते. हे प्रमाण फार बिघडले की ठिणगी पडूनही मिश्रण पेट घेत नाही आणि प्लग ओला झाला की ठिणगीच क्षीण होते. मग प्रत्येक वेळी स्टार्टर मारणे म्हणजे तुंबलेल्यात आणखी भर घालणे.

आधी सुरक्षितता

तपासणीपूर्वी एक इशारा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तर यंत्राच्या पोटात तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून सीट उघडून पोट चांगले वारे खाऊ द्यावे. सांडलेले पेट्रोल फडक्याने टिपून घ्यावे. बिडी, सिगारेट, चूल, वेल्डिंग यांपैकी काहीही जवळपास असू नये. बघ्यांची गर्दी, विशेषतः मुले, दूर ठेवावीत. अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत स्टार्टरला हात लावू नये.

त्यानंतर तुंबलेले इंजिन मोकळे करावे. पेट्रोलचा कॉक बंद करावा. चोक पूर्ण मोकळा आहे ना, ते पाहावे. सर्व प्लग काढावेत. प्लगच्या तारा मोकळ्या लोंबू न देता इंजिनाच्या धातूला व्यवस्थित जोडाव्यात. त्यामुळे बाहेर उडणाऱ्या पेट्रोलजवळ ठिणगी पडत नाही आणि विद्युत पेटीलाही इजा होत नाही. प्लगच्या छिद्रांवर फडके धरून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, स्टार्टर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा अधिक नाही अशा बेताने फिरवावा आणि मध्ये विश्रांती द्यावी. छिद्रांतून पेट्रोल उडणे थांबले की थांबावे.

स्टार्टर मारताच 'ठक्' आवाज येऊन इंजिन अडले, तर जोर करू नये. द्रव पदार्थ दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल वा पाणी भरलेले असताना बळाने फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ दुरुस्तीचा खर्च नव्या इंजिनाच्या खर्चाएवढा होतो. अशा वेळी प्रथम प्लग काढावेत, मगच स्टार्टर.

बाहेर आलेला द्रव कशाचा आहे, हेही येथेच पाहावे. कागदावर थेंब टाकला तर पेट्रोल पसरते व उडून जाते, पाणी तसेच राहते. पाणी निघाले तर हा कार्बोरेटरचा दोष नव्हे. उलटलेली स्कूटर चुकीच्या बाजूने सरळ केली, बंद यंत्र वेगाने ओढून आणले किंवा इंजिन बंद असताना नळाचे पाणी सोडले, तर पाणी इंजिनात शिरते. खारे पाणी आत राहिले तर इंजिन लवकरच गंजते. म्हणून ते त्याच दिवशी बाहेर काढून, तेल सोडून, इंजिन चालवून कोरडे करणे आवश्यक असते.

तपासणीचा क्रम

इंजिन मोकळे झाले. आता कारण शोधायचे. त्यासाठी पायऱ्या ठरवून घ्याव्यात आणि एकाही पायरीवरून उडी मारू नये.

पहिली पायरी ठिणगीची. नवा किंवा स्वच्छ, कोरडा प्लग लावून ठिणगी पाहावी. मात्र हे काम प्लगच्या छिद्रांपासून दूर आणि पेट्रोलची वाफ गेल्यानंतरच करावे. बॅटरी उतरलेली असेल तर स्टार्टर फिरतो, पण ठिणगी दुबळी पडते आणि साध्या प्रमाणात आलेले पेट्रोलही तुंबल्यासारखे वाटते. बॅटरी पूर्ण भारित असल्याशिवाय कार्बोरेटरवर दोष ठेवू नये.

दुसरी पायरी हवेची. चोकची झडप परत पूर्ण उघडते का, थ्रॉटलची तार बसविताना फुलपाखरी झडप अडकली आहे का, हवेच्या पेटीत चिंधी राहिली आहे का, हे पाहावे. काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेली चिंधी तशीच राहणे, ही गोष्ट हसण्यासारखी वाटली तरी घडणारी आहे.

तिसरी पायरी प्लग वाचण्याची. दोन सिलिंडर व दोन कार्बोरेटर असलेल्या यंत्रात दोन्ही प्लग ओले आहेत की एकच, हे लिहून ठेवावे. दोन्ही ओले असतील तर कारण सामाईक असण्याचा संभव अधिक: चोक, ठिणगी, परतीची नळी किंवा दोन्हीकडे सारखीच झालेली जोडणी. एकच ओला असेल तर त्याच सिलिंडरच्या कार्बोरेटरकडे वळावे.

चौथी पायरी पंपाच्या पडद्याची. क्रँककेसकडून पंपाकडे येणारी दाबाची नळी काढून पाहावी. ती कोरडी असावयास हवी; तेलाचा किंचित ओलावा चालेल. तिच्यात पेट्रोल भरलेले असेल तर पंपाचा पडदा फाटलेला आहे वा नीट बसलेला नाही आणि पेट्रोल सुईच्या पहाऱ्याला वळसा घालून थेट इंजिनात जात आहे, असे समजावे.

पाचवी पायरी सुईची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. कार्बोरेटर उतरवावा, नियमनाचा पडदा काढावा, परतीचे तोंड बंद करावे आणि पेट्रोल येण्याच्या तोंडाला दाबमापक असलेला छोटा हातपंप जोडावा. सुईवर हलक्या तेलाचा थेंब टाकून हळूहळू दाब द्यावा. विशिष्ट दाबाला सुई उचलली जाते आणि हवा सुटते. तो दाब किती असावा, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यापेक्षा कमी दाबावर सुई उचलली गेली किंवा दाब टिकून न राहता हळूहळू पळू लागला, तर दोष सापडला असे समजावे. सुईच्या टोकावर कण आहे का, बैठकीवर चरा आहे का, बैठकीखालची रबरी चकती जागेवर आहे का, मूळ मापाची बैठक व स्प्रिंग बसविली आहे का, हे पाहावे. बैठकीचे छिद्र मोठे झाले किंवा स्प्रिंग दुबळी झाली, तर सुई लवकर उचलली जाते. स्प्रिंग ताणून वा कापून जुळवून घेण्याची पद्धत वर्ज्य मानावी.

सहावी पायरी दांडीची. दांडी पुस्तिकेत दाखविलेल्या पातळीत असावी. ती वर उचललेली राहिली तर पडदा तिला सतत टेकतो आणि सुई अर्धवट उघडी राहते. दांडीबरोबरच पडदा सुलट बसला आहे का, गॅस्केट व पडदा यांचा क्रम बरोबर आहे का आणि पडद्यावरील झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे आहे का, हेही पाहावे.

सातवी पायरी नळ्यांची. येणारी आणि परतीची नळी अदलाबदल झाली का? परतीच्या तोंडातील बारीक छिद्र बुजले का? बुजले असेल तर जास्तीच्या पेट्रोलला परत जाण्याची वाट राहत नाही आणि सुईवरचा दाब वाढतो. टाकीच्या हवेच्या नळीत बहुधा एकदिशा झडप असते. उन्हात टाकी तापली की आत दाब साचतो आणि किंचित गळणाऱ्या सुईतून रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरते. संध्याकाळी ठीक असलेले यंत्र सकाळी तुंबलेले आढळते, त्याचे हे एक कारण होय. काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

आठवी आणि शेवटची पायरी स्क्रूंची. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत बसवावा आणि पुस्तिकेत सांगितलेले फेरे मोजून मागे घ्यावा. बळाने आवळल्यास त्याचे टोक आणि छिद्र दोन्ही कायमचे बिघडतात. तुंबण्याचा दोष सुईत असताना स्क्रू आवळून तो झाकण्याचा प्रयत्न फार महाग पडतो. मिश्रणाच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत येते. पेट्रोल कमी झाले की तेलही कमी होते, उष्णता वाढते आणि पिस्टन जाम होतो.

एक उदाहरण

ही शिस्त किती उपयोगी पडते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका तरुणाने कर्ज काढून दोन सिलिंडरची जुनी स्कूटर घेतली. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर किट टाकले आणि इंजिन तुंबू लागले. त्याने तीन वेळा प्लग बदलले, स्क्रू आवळले, स्टार्टर जाळला. ऐन हंगामातील आठ दिवस गेले. नंतर एका अनुभवी मेस्त्रीने प्लग काढून पाहिले, तेव्हा पुढचा ओला आणि मागचा जवळजवळ कोरडा. त्याने दोन्ही कार्बोरेटरवर दाबमापक लावला. मागच्याने दाब धरला, पुढच्याने धरला नाही. बैठक काढल्यावर तिच्याखाली जुनीच, चपटी झालेली रबरी चकती निघाली. नवी चकती किटच्या पाकिटात तशीच पडून होती. मसुरीच्या दाण्याएवढ्या वस्तूने एका कुटुंबाचा हंगाम अडविला. येथे महागड्या सुट्या भागांची गरज नव्हती. तिसरी आणि पाचवी पायरी आरंभीच केली असती, तर अर्ध्या दिवसाचे काम होते.

दोन सारखे कार्बोरेटर असण्याचा आणखी एक लाभ आहे. संशय असलेली सुई व बैठक एकातून दुसऱ्यात घालून पाहावी. दोष तिच्याबरोबर दुसरीकडे गेला तर सुई-बैठक दोषी, जागेवरच राहिला तर अन्यत्र शोधावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी

दोष दूर झाल्यावर यंत्र थेट पर्यटकाच्या हाती देऊ नये. जमिनीवर चाचणी घेताना पाण्याशिवाय इंजिन १५ सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये. नळाचे पाणी जोडलेले असेल तर आधी इंजिन सुरू करावे, मग पाणी सोडावे; थांबविताना आधी पाणी बंद करावे, मग इंजिन. हा क्रम उलटला तर पाणी मागे इंजिनात शिरते. त्यानंतर शांत, कमरेएवढ्या पाण्यात, दोरी बांधून आणि अनुभवी चालकाच्या हाती यंत्र देऊन चाचणी घ्यावी. गरम इंजिन बंद करून ते पुन्हा सुरू होते का, हे किमान तीनदा पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन पुन्हा तपासावे आणि मगच यंत्र कामाला लावावे.

एवढी काळजी कशासाठी? कारण या वाहनाचे सुकाणू म्हणजे मागून निघणारा पाण्याचा झोत. झोत थांबला की हँडल वळविले तरी वाहन वळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या वाहनांच्या सुरक्षिततेचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या दोषाकडे विशेष लक्ष वेधले होते. समोर पोहणारी माणसे किंवा मासेमारीची होडी असताना तुंबलेले इंजिन अचानक बंद पडले, तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून संशयित यंत्र पाण्यात न घालणे हाच एकमेव सुरक्षित नियम होय.

पेट्रोल बदलले आहे

आणखी एका बदलाची नोंद घेणे आवश्यक आहे. देशात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. किनाऱ्याच्या दमट हवेत बंद पडलेल्या टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी साचू शकते. जुन्या रबरावरही त्याचा परिणाम होतो. अशा यंत्रांच्या उत्पादकांच्या पुस्तिकांत साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतचेच इथेनॉल मान्य असते. म्हणून जुन्या यंत्राचे किट घेताना इथेनॉल सोसणारे रबर मागून घ्यावे, नळ्या दर हंगामात तपासाव्यात आणि मेअखेरीस यंत्र ठेवताना टाकी व कार्बोरेटर रिकामे करूनच ठेवावे. पावसाळ्यापूर्वीचे हे अर्ध्या तासाचे काम सप्टेंबरातील बहुतेक त्रास वाचविते.

गावाची जबाबदारी

आता ज्यांच्यासाठी आपण एकत्र जमलो आहोत, त्या जबाबदारीकडे येतो.

महाराष्ट्रात जलक्रीडेसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. ती प्रक्रिया आपल्या जागी आहेच. पण परवान्याचा कागद सुई गळते की नाही हे सांगत नाही. ते सांगू शकते ती यंत्राची नोंदवही. प्रत्येक यंत्रासाठी एक साधी वही असावी. कार्बोरेटर केव्हा उघडला, कोणते भाग बदलले, दाबचाचणीत काय आढळले, पाण्यातील चाचणी कोणी घेतली, एवढी माहिती तारखेसह लिहिलेली असावी. ग्रामपंचायतीने हंगामाच्या आरंभी या वह्या पाहण्याची प्रथा पाडल्यास एका पैशाच्या खर्चावाचून मोठे काम होईल. दाबमापक असलेला हातपंप प्रत्येकाने घेणे शक्य नसेल, तर व्यावसायिकांनी मिळून एक घ्यावा आणि तो आळीपाळीने वापरावा.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या विल्हेवाटीची. इंजिनातून काढलेले तेलमिश्रित पेट्रोल वाळूत, खाडीत किंवा विहिरीजवळ ओतण्याची सवय थांबली पाहिजे. ते धातूच्या झाकणबंद डब्यात, सावलीत आणि वस्तीपासून दूर ठेवावे व योग्य ठिकाणी द्यावे. मासळी आणि पर्यटन ही दोन्ही गावाची उत्पन्ने त्याच पाण्यावर अवलंबून आहेत, याचा विसर पडू नये.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, विज्ञानाच्या तासाला दाब, झडप, वाफ, ज्वलन हे धडे शिकविताना या यंत्राचे उदाहरण घ्यावे. किनाऱ्यावरच्या शाळेतील मुलांनी हे यंत्र रोज पाहिलेले असते. मात्र प्रात्यक्षिकासाठी पेट्रोल आणू नये. सायकलचा पंप, फुग्याचे रबर आणि पाणी यांवर पडद्याचे आणि झडपेचे तत्त्व उत्तम समजाविता येते.

तरुणांना प्रशिक्षणाच्या सोयी आहेत. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० पासून या क्षेत्रात काम करीत आहे. आपल्याकडे तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा संस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून इंजिनदुरुस्तीचे मूलभूत शिक्षण मिळते. वाहन चालविता येणे, बुडणाऱ्याला वाचविता येणे आणि यंत्र उघडून नीट जोडता येणे, या तिन्ही गोष्टी ज्या गावातील तरुणांकडे आहेत, त्या गावाच्या किनाऱ्यावर पर्यटक विश्वासाने येईल आणि पुन्हा येईल.

मित्रहो, यंत्र आपल्यावर रुसत नाही आणि आपल्या धाकालाही भीत नाही. ते केवळ आपल्या कामाचा हिशेब तंतोतंत परत करते. सुई नीट बसली तर पेट्रोल थांबते, नाही बसली तर वाहते. हंगाम सुरू होण्यास अजून अवधी आहे. आपापल्या गावी परतल्यावर प्रत्येक सरपंचांनी आपल्या किनाऱ्यावरील यंत्रांची यादी करावी, मालकांना एकत्र बसवावे आणि नोंदवहीचे पहिले पान लिहून घ्यावे, एवढीच नम्र विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.